पाटाच्या भरावावरून सायकल

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सायकल’ एवढाच विषय छापला आहे. काल एका काकूंनी विचारले, सायकलवर तासभर काय बोलणार? मी म्हटले, तासभर नाही, अर्धाच तास. आणि बोलायचे आहे ते सायकलपेक्षा ती जिथून चालवायची त्या वाटेवर. आपण ज्या गावात राहतो त्याच्या चारी बाजूंना शेकडो किलोमीटर लांबीच्या अशा वाटा आहेत, जिथे बस नाही, लॉरी नाही आणि चढही नाही. त्या वाटा म्हणजे नद्यांचे आणि कालव्यांचे काठ. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या फक्त पुलावरून जाताना, बसच्या खिडकीतून पाहिल्या आहेत.

आधी सपाटीविषयी सांगतो. आम्ही डिप्लोमावाले माणसे, आम्हाला चढउतार आकड्यात सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तंजावर साठ मीटरच्या आतबाहेर आहे आणि नागपट्टिणमचा समुद्र इथून सुमारे ऐंशी किलोमीटर. म्हणजे साधारण तेराशे मीटर पुढे गेलो की जमीन एक मीटर खाली जाते. रेल्वेच्या नियमांप्रमाणे स्टेशन यार्डात उभी केलेली गाडी आपोआप घरंगळू नये म्हणून बाराशेला एक एवढाच उतार ठेवावा अशी शिफारस आहे, आणि चारशेला एकपेक्षा जास्त तर चालतच नाही. तेव्हा हा सगळा कावेरीचा खोरेप्रदेश आमच्या यार्डापेक्षाही सपाट आहे! तुलनेसाठी आपला बोरघाट घ्या. कर्जत ते लोणावळा सदतीसला एक. तिथे गाडीला मागून इंजिने लावावी लागतात. इथे साठ वर्षांच्या माणसाला गिअर नसलेल्या सायकलवर वीस किलोमीटर जाता येते आणि घरी आल्यावर दाढीही करता येते.

ही सपाटी नदीने केली आहे, पण तिच्यावरच्या वाटा माणसांनी केल्या. त्यांचे मूळ कल्लणै. चोळ राजा करिकालाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा बंधारा बांधला असे परंपरा सांगते. आजही तो कामात आहे. तिथे पाण्याच्या चार वाटा होतात: कावेरी, वेण्णारु, कोळ्ळिडम आणि ग्रँड अनिकट कालवा. कोळ्ळिडम म्हणजे पुराचे जादा पाणी समुद्राकडे काढून देण्याची वाट. बाकीच्या तिघांवर शेती. त्यातला कालवा सर्वांत धाकटा. मेट्टूर धरणाबरोबर तो खणला गेला आणि १९३४ मध्ये धरण पुरे झाले तेव्हाच त्यात पाणी खेळू लागले. लांबी सुमारे १४८ किलोमीटर. इथले लोक त्याला अजून ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी म्हणतात. नव्वद वर्षे झाली तरी ती नवीच. मोठ्या देवळाजवळून गावातून जाते, पुढे ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टैच्या बाजूला वळते आणि शेवटी पुदुक्कोट्टै जिल्ह्यात शिरते.

ज्यांचे बालपण नीरा उजव्या कालव्यावर किंवा कृष्णाकाठी गेले त्यांना पाट म्हणजे काय हे सांगायला नको. पाट खणताना निघालेली माती दोन्ही काठांवर टाकतात, तिचा भराव होतो, आणि एका भरावावर देखरेखीसाठी रस्ता ठेवतात. आपल्याकडे त्यावरून पाटकरी फिरायचा. इथे फिरतो त्याला ‘लस्कर’ म्हणतात. शब्द इंग्रजी अमदानीतला, काम तेच. मदगु म्हणजे दारे उघडायची, बंद करायची, कुठे काठ खचला का ते पाहायचे. हा रस्ता लस्करासाठी, जीपसाठी आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी केलेला. तो कुठल्याही दोन मोठ्या गावांना जवळच्या वाटेने जोडत नाही. पाणी जसे समपातळी शोधत वळणे घेते तसा तो वळत जातो. म्हणून घाई असलेला माणूस त्याच्यावर येत नाही, आणि म्हणून तो आपल्यासाठी मोकळा राहिला आहे.

दुसरी एक गोष्ट नद्यांच्या काठांची. या खोऱ्यात नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते. दर पुराला काठावर गाळ टाकत ती स्वतःचा काठ उंच करत गेली, माणसांनी त्यावर आणखी माती चढवली. त्यामुळे काठावरून सायकल चालवताना एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला, दोन-तीन मीटर खाली, भाताची खाचरे पसरलेली दिसतात. माझ्या मते इथल्या सायकलस्वारीची खरी मजा ही आहे. सपाट मुलखात उंचावरून पाहायला मिळणे दुर्मीळ. तिरुवैयारुला जाताना तेराएक किलोमीटरच्या रस्त्यावर वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि आणि कावेरी असे पाच पूल लागतात. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. त्यागराजांच्या आराधनेला आपण दरवर्षी त्या रस्त्याने जातो. पुढच्या वेळी पूल ओलांडताना डावीकडे-उजवीकडे बघा. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना मातीची वाट निघालेली दिसेल.

आता वाटेच्या पोटात काय आहे ते. परदेशात सध्या ‘ग्रॅव्हल’ सायकलिंगची मोठी हौस आहे. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात लाख-लाख रुपयांच्या सायकली येऊ लागल्या आहेत. ग्रॅव्हल म्हटले की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे रुळाखालची गिट्टी येते. ती नव्हे. गिट्टी वीस ते पासष्ट मिलिमीटरची, टोकदार, एकमेकांत अडकणारी. तिच्यात माती मिसळलेली आम्हाला चालत नाही, कारण पाणी तळाशी निचरून जायला हवे. काठावरच्या रस्त्याचे गणित उलटे. तिथे लागतो मुरूम: खडे, वाळू आणि थोडी चिकणमाती यांचे निसर्गानेच केलेले मिश्रण. पाणी मारून रोलर फिरवला की माती खड्यांना धरून बसते. मधोमध थोडा उंचवटा आणि कडांना उतार ठेवला तर पाऊस अंगावरून वाहून जातो. खोऱ्यात दगड असा नाहीच, सगळी गाळाची माती. पण वल्लमकडची जमीन तांबडी, मुरमाची. म्हणून पुदु आरूच्या काठी जसजसे दक्षिणेला जावे तसतशी वाट घट्ट आणि तांबडी होत जाते, आणि वेण्णारु-वेट्टारूकडे ती काळी, मऊ राहते.

या मातीवर कोणती सायकल चालते? लाखाची आणावी का, असे तरुण मंडळी विचारतात. मी त्यांना टायर मोजायला सांगतो. दूधवाल्याची ती जुनी काळी अठ्ठावीस इंची सायकल आठवा. तिच्या टायरवर ‘२८ × १ १/२’ लिहिलेले असते. दीड इंच म्हणजे सुमारे चाळीस मिलिमीटर रुंदी. परदेशातल्या महागड्या ग्रॅव्हल सायकलींचे टायर किती रुंद? बहुधा अडतीस ते पंचेचाळीस! आपल्या आजोबांना कोणी शिकवले नव्हते, पण मातीच्या रस्त्याला काय लागते ते त्यांच्या सायकलीला ठाऊक होते. फरक ब्रेकचा आणि वजनाचा, तो मी नाकारत नाही. पण सुरुवातीला घरात गंजत पडलेली सायकल काढा, साखळीला तेल द्या, हवा थोडी कमी ठेवा. टायर दगडासारखा कडक असला की खड्यांवरून उड्या मारतो, मनगटे दुखतात.

पंक्चरचे मात्र पक्के लक्षात ठेवा. काठांवर वेडी बाभूळ माजली आहे. तिचा काटा चांगल्या टायरमधून आरपार जातो. दोन ट्यूब, पंप आणि टायर उचकटायच्या पट्ट्या जवळ नसतील तर निघू नका. गावाचा सायकलवाला सात-आठ किलोमीटरवर असतो, आणि तो रविवारी देवदर्शनाला गेलेला असतो.

केव्हा जावे, हे मेट्टूर ठरवते. रूढ तारीख १२ जून. त्या दिवशी धरणाची दारे उघडली की तीन-चार दिवसांत पाणी कल्लणैला पोचते आणि तिथून खोऱ्यात सोडतात. बंद करण्याची रूढ तारीख २८ जानेवारी. पाणी नसेल तर तारीख पुढे जाते. २०२४ मध्ये जुलै संपता संपता दारे उघडली. पाणी आले की काठावरचे जग पालटते. कुरुवैची लावणी, मग सांबा. जून-जुलैत मात्र पश्चिमेचा वारा असतो. आडी महिन्याचा वारा पाटा-वरवंट्यातला पाटासुद्धा हलवतो अशी इथली म्हण आहे. तेव्हा जाताना पश्चिमेला, कल्लणैच्या दिशेने, तोंडावर वारा घेऊन जावे आणि दमल्यावर पाठीवर वारा घेऊन परतावे. याच्या उलट केले तर घर येता येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमीचा पाऊस. त्या दिवसांत काळ्या मातीच्या काठावर जाऊ नका. ती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर येते. लाल मुरमाचा काठ दोन दिवस उघाड मिळाली की चालतो.

मला स्वतःला सर्वांत आवडतात ते जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस. सांबा कापून झालेला असतो. ओल असतानाच पेरलेला उडीद हिरवा दिसतो. डांबरी रस्त्यांवर भात वाळत घातलेले असते, त्यामुळे मोटारवाले चिडलेले आणि आपण काठावर निवांत. रामनाथपुरमकडचे मेंढपाळ शेकडो मेंढ्या घेऊन येतात आणि शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन त्यांना रात्री शेतात बसवतात. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या बसवतात, अगदी तसेच. बदकांचे हजारोंचे कळप खाचरांत सांडलेले भात वेचत फिरतात. एक माणूस आणि एक काठी, त्यावर एवढी पलटण शिस्तीत चालते. ते पाहून आमच्या एका साहेबांना आपली गँग आठवली. तिकडे वडुवूरच्या तळ्यात पाहुणे पक्षी उतरलेले असतात. १९९९ मध्ये ते अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. इथून पंचवीसएक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो तर सात-साडेसातला आपण तळ्यावर असतो.

आणखी लांब जायची तयारी असलेल्यांसाठी एक मराठी वाट सांगतो. पुदु आरूच्या बाजूने ओरत्तनाडुला जा. तिथले मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभे केले. रामेश्वरला चालत निघालेल्या यात्रेकरूंना, उत्तरेकडच्यांनासुद्धा, तिथे जेवण आणि आसरा मिळे. तिथून पट्टुक्कोट्टैमार्गे समुद्राकडे गेले की मनोरा लागतो. हाही सरफोजीराजांचाच, बोनापार्टच्या पराभवाच्या निमित्ताने १८१४ च्या सुमारास बांधलेला आठ मजली मनोरा. तमिळ लोक आजही त्याला ‘मनोरा’च म्हणतात. नेपोलियन हरला फ्रान्समध्ये, मनोरा उभा राहिला पट्टुक्कोट्टैच्या किनाऱ्यावर, आणि शब्द उरला आपला. वाटेत नारळाच्या बागांतून विरळ पट्टे दिसतील. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गजा वादळाने त्या भागात नारळ आडवे केले होते. नवी झाडे आता वर येत आहेत. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. शनिवारी जा, पट्टुक्कोट्टैला मुक्काम करा.

आता जरा वादाच्या मुद्द्याकडे येतो, कारण आपल्याच मंडळींत यावर दोन मते आहेत. कालव्याच्या नूतनीकरणाचे २,६४० कोटी रुपयांचे काम २०२१ पासून हाती घेण्यात आले. काठ आणि काही ठिकाणी तळही काँक्रीटचा करायचा. हेतू उघड आहे. मातीच्या पाटात पाणी झिरपते, शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. ज्याने पाटाच्या शेवटच्या चारीवर दारे धरली आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. उलट बाजूने इथल्या शेतकऱ्यांनी तळाच्या काँक्रीटला आक्षेप घेतला. झिरपलेले पाणी वाया जात नाही, ते आमच्या विहिरींत आणि बोअरमध्ये येते, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू मला पटतात आणि निवाडा करणे माझे काम नाही. पण सायकलवाल्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी यातून निघतात.

पहिली जिवाची आहे. मातीचा काठ तिरका, गवताचा असतो. घसरून पडलेला माणूस काहीतरी धरून वर येतो. काँक्रीटचा उतार शेवाळला की पायाखाली साबण. पोहता येणारासुद्धा वाहत्या पाण्यातून त्यावर चढू शकत नाही. म्हणून आमच्या फेरीत काही नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला पुढच्या वेळी घरी ठेवतो. सायकल कायम शेताच्या अंगाने. मुले मध्ये, एक मोठा माणूस पुढे आणि एक सर्वांत मागे, ड्रायव्हर आणि गार्ड असतात तसे. (२०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचे, पण सायकलींना गार्डच बरा.) पाण्यात हातपाय धुवायला उतरायचे ते फक्त बांधलेल्या पायऱ्यांवर, आणि पाटाला पाणी असताना तेही नाही. आणि रेल्वेच्या सहकाऱ्यांना वेगळे सांगायला नको, पण त्यांच्या मुलांना सांगतो: रुळाच्या कडेची सेसवरची पायवाट कितीही गुळगुळीत दिसली तरी ती आपली नव्हे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज वाऱ्यात ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट डांबराची. मंडळाच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली की आपण सर्वांनी सह्या करून काठाचा रस्ता डांबरी करून मागावा, म्हणजे मुलांना सायकली नीट चालवता येतील. हेतू चांगला आहे. पण माझा त्याला विरोध आहे. डांबर पडले की पहिल्या आठवड्यात मोटारसायकली येतात, महिन्याभरात टिपर येतात, आणि मग तिथे चालवायला मुले पाठवायची कोणाची छाती होणार नाही. आज तिथे रहदारी नाही ती कोणाच्या कृपेने नाही. रस्ता वाकडा आणि मातीचा आहे म्हणून नाही. मुरूम दर दोन-तीन वर्षांनी टाकून दाबला तरी पुरे, खर्चही कमी.

दुसरी सूचना होती खांब रोवून वाहने बंद करण्याची. त्यालाही मी हात वर करणार नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक जुना कालवा आहे, सुमारे तीनशे किलोमीटरचा. त्याच्या काठाने मोटारींचा रस्ता काढायचे घाटत होते. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या रस्त्याची बाजू घेणाऱ्या वर्तमानपत्राच्या संपादकांनाच आपल्याबरोबर काठाने चालायला बोलावले. पुढे १९७१ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला, आणि आज लोक तिथे मजेत सायकली चालवतात. गोष्ट मला फार आवडते. पण त्या कालव्यातली नावांची वाहतूक तेव्हा केव्हाच बंद पडली होती. आपला पाट जिवंत आहे. कापणीच्या वेळी त्या काठावरून ट्रॅक्टर जातो, खताची पोती जातात, कापणीयंत्र जाते. आठवड्यातून एकदा हवा खायला येणाऱ्या आपण त्यांची वाट अडवायची? ट्रॅक्टर आला तर खाली उतरून उभे राहावे, वणक्कम करावे. बहुधा तोच थांबून विचारतो, कुठून आलात, आणि शहाळे घ्याल का.

सायकल ही इथल्या लोकांची हौस नव्हे हेही लक्षात ठेवले पाहिजे. शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत, अरिवोळी इयक्कममध्ये, हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे कलेक्टर होत्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. टोमणे खात त्या बायका शिकल्या, कारण पाणी आणायला, माल बाजारात न्यायला आणि मूल दवाखान्यात न्यायला बसची वाट पाहावी लागत नव्हती. तमिळनाडू सरकार आज सरकारी शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना सायकल देते, त्याची सुरुवात २००१ मध्ये मुलींपासूनच झाली. सकाळी काठावर आपल्याला जे सायकलवाले भेटतात त्यांत या शाळकरी मुली सर्वांत जास्त असतात. त्या वाऱ्याच्या विरुद्ध आपल्यापेक्षा जोरात जातात. आणि आपल्या घरांत? आपल्या किती मुलींना सायकल येते? गेल्या फेरीत अकरा मुलगे होते आणि दोन मुली. त्यांतली एक तर पहिल्या पाच किलोमीटरनंतर सर्वांच्या पुढे होती, तिला मागे बोलावून आणावे लागले. आईवडील म्हणतात, रस्त्यावर फार गर्दी, भीती वाटते. भीती खरी आहे, मलाही वाटते. त्रिची रस्त्यावर मी माझ्या मुलीला सोडणार नाही. म्हणून तर काठाचे एवढे सांगतो आहे.

गलाईचे आमचे बंधू दिवसभर भट्टीपुढे बसतात, आम्ही ऑफिसात किंवा ट्रॉलीवर. चाळिशी ओलांडली की डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतो: चाला. गुडघे कुरकुरत असतील तर सपाटीवरची सायकल चालण्यापेक्षा सोसते, हा माझा अनुभव. औषध म्हणून मी ती विकत नाही, डॉक्टरांना विचारून घ्या.

विसर्जन झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी पहिली फेरी काढायची आहे. पाटाला पाणी असेल, म्हणून या वेळी लाल मुरमाच्या बाजूला, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, आणि बारा वर्षांखालची मुले आईबापांसह. पहाटे साडेपाचला स्टेशनसमोर जमायचे. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि एक जादा ट्यूब. नाश्त्याला काठावरच्या गावात इडली मिळते, पण तेरा-चौदा जणांपेक्षा जास्त झालो तर हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी सांगावे लागते, म्हणून नावे शुक्रवारपर्यंत द्यावीत. सायकल नसलेल्यांसाठी माझ्याकडे दोन जादा आहेत, एक मोठी आणि एक मुलींची. उंची सांगून ठेवली तर सीट आधीच बसवून आणीन.